उड्डाण झाले हे कशावरून?

मुरगूडच्या एका शाळेत विमानावर बोलण्याचा प्रसंग आला. व्याख्यान संपताच नववीतील एका मुलाने विचारले, "सर, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले होते ना? मग पुस्तकात त्यांचे नाव का नाही?" प्रश्नामागे अभिमान होता आणि प्रश्न योग्यही होता. त्याचे उत्तर आपण भौतिकीच्या मार्गाने शोधू.

प्रथम राइट बंधूंची नोंद पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकजवळ ऑर्व्हिल राइट १२ सेकंदांत १२० फूट, म्हणजे ३६.६ मीटर उडत गेला. जमिनीच्या सापेक्ष हा वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटर. सायकलही याहून वेगाने जाते! पण समोरून सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने वारा येत होता. म्हणून हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग सेकंदाला १५ मीटर झाला.

आता सूत्र घ्या: वर उचलणारे बल = १/२ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखांचे क्षेत्रफळ × गुणांक. घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम व क्षेत्रफळ ४७ चौरस मीटर धरा. उत्तर येते ६३४५ × गुणांक, इतके न्यूटन. चालकासह विमानाचे वस्तुमान सुमारे ३४० किलोग्रॅम होते, म्हणजे वजन सुमारे ३३३० न्यूटन. तेव्हा गुणांक ०.५ हून किंचित अधिक हवा. बाकदार पंखाला तेवढा गुणांक सहज मिळतो. १९०१ साली राइट बंधूंनी वातबोगद्यात पंखांचे सुमारे २०० नमुने तपासले होते, ते याचसाठी. हिशेब जुळला! शिवाय छायाचित्र आहे आणि पाच साक्षीदारही आहेत.

तळपदे यांचे यंत्र १८९५ साली गिरगाव चौपाटीवर चालकाविना १५०० फूट उंच गेले, असे सांगतात. त्याचे वजन किती? पंख केवढे? शक्ती कशाची? सूत्रात घालण्याजोगा एकही विश्वसनीय आकडा आपल्या हाती नाही. उड्डाणाचे छायाचित्रही नाही. यावरून तळपदे यांनी प्रयत्न केले नाहीत असे ठरत नाही. उड्डाण झाले असे म्हणण्यास पुरावा नाही, एवढेच ठरते.

मग अभिमान कशाचा बाळगावा? १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचा एसएलव्ही-३ अग्निबाण अयशस्वी झाला. ते अपयश लपवले नाही. नोंदी तपासून कारण शोधले. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या वेळी थुंबा येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते डॉ. वसंत गोवारीकर, आपलेच मराठी शास्त्रज्ञ. हा अभिमान कोणीही तपासून पाहावा!

स्वाध्याय : त्या दिवशी वारा मुळीच नसता, तर राइट बंधूंच्या विमानाला जमिनीवरून ताशी किती किलोमीटर वेगाने धावावे लागले असते?