कॉलेजातली मुले आमच्या अडतीचे सॉफ्टवेअर करतील का?

प्रश्न : आमचे तुमसरला धानाच्या अडतीचे दुकान आहे. पुतण्या पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखेत असून यंदा शेवटच्या वर्षाला जाईल. कॉलेजात ‘कॅपस्टोन प्रोजेक्ट’ म्हणून बाहेरचे खरे काम करायला सांगतात. तो म्हणतो, “काका, आपल्याच दुकानाचे करतो.” शिकणाऱ्या मुलांनी केलेले सॉफ्टवेअर व्यवहारात चालते का? त्यांना पैसे द्यायचे का? आणि मुले पास होऊन निघून गेली की पुढे कोणी पाहायचे?
— एक अडतदार, तुमसर

उत्तर : करतील, आणि ते चालूही शकेल. पण ते टिकणार की नाही, हे मुलांच्या प्रोग्रामिंगपेक्षा तुम्ही त्यांना किती वेळ देता यावर ठरते. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरे याच एका गोष्टीपाशी येतात.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने 2017 पासून लागू केलेल्या पॉलिटेक्निक अभ्यासक्रमाच्या ‘आय’ योजनेत या प्रोजेक्टचे दोन भाग केले : पाचव्या सत्रात नियोजन, सहाव्यात प्रत्यक्ष काम आणि अहवाल. 2023 पासूनच्या ‘के’ योजनेतही शेवटच्या वर्षी हे काम आहेच. पदवीच्या मुलांसाठी राज्य सरकारच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेले काम यांना श्रेयांक दिले. त्यामुळे गावातले खरे काम ही आता मुलांच्या अभ्यासाचीच गरज आहे. तुम्ही त्यांच्यावर उपकार करत नाही आणि तेही तुमच्यावर करत नाहीत. एकमेकांची गरज आहे, म्हणून हा व्यवहार चांगला होऊ शकतो.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने 1963 मध्ये ‘क्लिनिक’ सुरू केले. त्यात कंपन्या आपली खरी अडचण आणि शुल्क घेऊन येतात आणि मुलांचा गट वर्षभर त्यावर काम करतो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत 1985 साली ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभे राहिले. तिथले विद्यार्थी गावात जाऊन तिथलाच प्रश्न अभ्यासाला घेतात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात ताडवाडी-मोरेवाडीची नळयोजना का फसली, याचा अभ्यास याच केंद्राने केला. याच केंद्रातले प्रा. मिलिंद सोहोनी यांनी हा विचार अनेक वर्षे लावून धरला, आणि जानेवारी 2016 मध्ये राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू करून जिल्ह्याजिल्ह्यांतली अभियांत्रिकी महाविद्यालये स्थानिक प्रश्नांशी जोडायचे ठरवले. या कामाचा धडा असा की आधी जागेवर जाऊन पाहायचे, मोजायचे, माणसांना विचारायचे. उपाय त्यानंतर सुचवायचा.

तुमच्या दुकानालाही हाच धडा लागू आहे. मुले पहिल्याच दिवशी म्हणतील, “काका, अ‍ॅप करून देतो, शेतकऱ्याला मोबाईलवर सगळे दिसेल.” त्यांना थांबवा. चार-सहा दिवस दुकानात बसवा. धानाची गाडी आली की पोती कोण मोजतो, काटा कोण करतो, ओलावा कोण पाहतो, हमाली कुठे लिहिली जाते, उचल दिलेली रक्कम पट्टीतून कशी वळती होते, हे त्यांनी वहीत उतरवले पाहिजे. एकाच गावात एकाच नावाचे तीन शेतकरी असतात. मुनीमजी त्यांना चेहऱ्याने ओळखतात, कॉम्प्युटरला ते ओळखता येत नाहीत. लाईट गेली की काय करायचे? नेट नसेल तर पावती निघणार का? असे प्रश्न पुस्तकात सापडत नाहीत, दुकानातच सापडतात. मुलांच्या शिक्षणाचा खरा भाग तोच आहे.

काम लहान ठेवा. पूर्ण हिशेब, जीएसटी, बँक, शेतकऱ्यांचे अ‍ॅप असे सगळे एकदम मागाल तर मार्चमध्ये हातात अर्धवट फाईल येईल. फक्त आवक आणि पट्टी घ्या : शेतकऱ्याचे नाव-गाव, पोती, वजन, ओलावा, कपात, दर, उचल, देणे आणि छापील पावती. एवढे बिनचूक झाले तरी तुमचे रोजचे दोन तास वाचतील. तुमच्या ओळखीत राईस मिलवाले असतील तर त्यांनाही असेच एक छोटे काम सुचवता येईल. सरकारी धानाच्या भरडाईत 100 क्विंटल धानामागे 67 क्विंटल कच्चा तांदूळ जमा करावा लागतो. रोज किती धान भरडले, किती तांदूळ निघाला आणि 67 च्या हिशेबाने किती मागे-पुढे आहोत, एवढे दाखवणारी नोंदवहीसुद्धा एका गटाला सत्रभर पुरेल.

वेळापत्रक मात्र नीट जुळवा. पाचवे सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपते, आणि खरिपाचे धान बाजारात यायला लागते तेही तेव्हाच. म्हणून नियोजनाच्या काळातच मुलांना गर्दीचे दिवस पाहू द्या. सहावे सत्र उन्हाळ्यात संपते, आणि मुले परीक्षेला बसतात तेव्हा उन्हाळी धान येऊ लागते. म्हणजे खरी परीक्षा होण्याच्या वेळीच मुले हाताशी नसतात. यावर उपाय सोपा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्या दिवाळीच्या जुन्या पावत्या काढा, त्यांतल्या शंभर नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला लावा आणि बेरीज तुमच्या वहीशी ताडून पाहा. रुपयाचा फरक आला तरी तो का आला, हे मुलांनी सांगितले पाहिजे. उन्हाळी हंगामभर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा. पुढच्या खरिपापर्यंत विश्वास बसला, तरच वही बंद करा.

आता पैशांचे. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळे मजुरी ठरवायची गरज नाही. पण कामाचा खर्च तुमचा : इंटरनेटवर जागा घ्यावी लागली तर तिचे भाडे, एसएमएसचे पैसे, पावतीचा प्रिंटर, मुलांचे येण्या-जाण्याचे भाडे. आणि प्रोजेक्टनंतर नवी कामे सांगायची असतील, तर तो वेगळा व्यवहार समजून मोबदला द्या. पुतण्या घरचा असला तरी गटातली बाकीची मुले परक्यांची आहेत, हे लक्षात असू द्या.

मालकीचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. कॉम्प्युटर प्रोग्रामला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. मुले तुमची नोकर नाहीत, त्यामुळे लेखी काही नसेल तर हक्क त्यांचाच राहतो. हक्क तुमच्याकडे द्यायचा तर तो लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. माझे मत असे की सगळा हक्क मागू नका. ‘हे सॉफ्टवेअर आमच्या दुकानात कायम वापरायला आणि दुरुस्त करून घ्यायला परवानगी आहे’ एवढे कागदावर घ्या, मुलांच्या आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीने. मुलांना तेच काम नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येईल आणि तुमचेही अडणार नाही.

शेतकऱ्यांची माहिती ही तुमच्याकडची ठेव आहे. आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा यांच्या प्रती मुलांच्या लॅपटॉपवर जाऊ देऊ नका. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे. सॉफ्टवेअर बनवायला आणि चाचणीसाठी खोटी नावे आणि खोटे आकडे पुरतात. जुन्या पावत्या ताडून पाहायच्या असतील तर ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर, तुमच्यासमोर होऊ द्या.

मुले गेल्यावर कोण पाहणार, हा तुमचा सर्वांत मोलाचा प्रश्न. निरोप घेण्याआधी त्यांच्याकडून पाच गोष्टी घ्या : मूळ कोडची प्रत, सगळे पासवर्ड तुमच्या नावावर, सगळी नोंद एक्सेलमध्ये काढून घेण्याची सोय, रोजची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत, आणि मराठीत लिहिलेली दोन पानांची माहिती. ती दोन पाने वाचून मुनीमजींनी मुलांची मदत न घेता एक पट्टी काढून दाखवली, तर काम पूर्ण झाले असे समजा. नोंदी एक्सेलमध्ये निघत असतील, तर उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी तुमचा हिशेब बुडणार नाही. आणि कोड व्यवस्थित लिहिलेला असेल, तर पुढच्या वर्षीचा गट त्याच कामात भर घालू शकतो. यासाठी कॉलेजशी ओळख एका मुलापुरती ठेवू नका, विभागप्रमुखांशी ठेवा.

तुमसर तालुक्यात कामांची वाण नाही. राईस मिल आहेत, अडती आहेत, सहकारी संस्था आहेत, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणींभोवती वाहतुकीचे आणि दुरुस्तीचे छोटे धंदे आहेत. तुमसरचे एस. एन. मोर महाविद्यालय, साकोलीचे शासकीय तंत्रनिकेतन अशा संस्था जवळ आहेत. नागपूर-पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलाने जाण्याआधी आपल्या गावच्या बाजारातले एक काम नीट करून दिले, तर त्याला काम येते आणि बाजारालाही त्याची ओळख होते. म्हणून सत्र सुरू होताच तुमच्या संघटनेतल्या दोन-चार व्यापाऱ्यांना बरोबर घ्या, प्रत्येकाची एकेक अडचण एका कागदावर साध्या मराठीत लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा. पुतण्याला होकार द्याच, पण आठवड्यातला एक तास त्याच्या गटासाठी राखून ठेवाल, असा शब्दही त्याला द्या.