संमती कोणाची?

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर आपल्याकडे पुष्कळदा वडील, पती वा मुलगा सही करतो. रुग्णाला विचारलेही जात नाही. या रूढीला कायद्याचा आधार आहे काय? समीरा कोहली खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची ही स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व अंडाशय काढले. न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलेच पाहिजे. मला यातून एवढेच उमगते : माया आईची खरी, पण देह लेकीचा, म्हणून होकारही तिचाच हवा.