भाकड म्हशीचा खुराक तोडण्याआधी

एप्रिल उजाडला, कडब्याची गंजी खाली बसू लागली की गोठ्यात पहिली कात्री लागते ती दूध तुटलेल्या जनावराच्या खुराकाला. दुभतीची सरकी पेंड चालू राहते, कारण तिचा हिशेब रोज डेअरीच्या मापात दिसतो. आटलेल्या गाभणीपुढे मात्र नुसता कडबा नाहीतर गव्हाचं काड पडतं. आपल्याकडच्या बऱ्याच म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत वितात आणि म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. म्हणजे ऑगस्टअखेर विणारी म्हैस एप्रिल ते जूनमध्ये सहाव्या ते आठव्या महिन्यात असते. आपण ज्याला बचत म्हणतो, ती पोटातल्या पारडाच्या वाट्यातून होत असते.

गर्भाचं निम्म्याहून बरंच अधिक वजन शेवटच्या तिमाहीत भरतं. म्हणून ‘विण्याआधीचे दोन महिने सांभाळा’ हा सल्ला रूढ झाला. तो खरा आहे, पण अपुरा. गर्भाला अन्न पोचवणारी वार त्याआधीच घडू लागते. स्नायूंच्या तंतूंची संख्याही बहुतांशी गाभणकाळाच्या मधल्या महिन्यांत ठरते. जन्मानंतर ते तंतू जाड होतात, संख्येने फारसे वाढत नाहीत. आईचं पोषण तुटलं की गर्भ आहे तेवढं आधी मेंदू आणि हृदयाला पुरवतो, स्नायूंची पाळी मागून येते. पुढे कितीही पेंड चारली तरी ही उणीव पूर्ण भरून निघत नाही.

‘आमची वासरं तर चांगल्या वजनाची होतात,’ असं यावर कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचं २००७ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन इथे उपयोगी पडतं. हिवाळी वाळल्या गवतावर चरणाऱ्या गाभण गायींपैकी काहींना शेवटच्या तिमाहीत रोज साधारण ४५० ग्रॅम प्रथिनयुक्त खुराक दिला, काहींना दिला नाही. जन्मलेल्या कालवडींच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. पण त्या मोठ्या झाल्यावर खुराक मिळालेल्या आयांच्या ९३ टक्के कालवडी गाभण राहिल्या, दुसऱ्या गटातल्या ८० टक्के. त्या गायी मांसाच्या जातीच्या, हवामान वेगळं. आकडे आपल्या म्हशींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वाळलं गवत आणि आपला कडबा यांचं दुखणं एकच आहे. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांचं काम नीट चालायला आहारात सुमारे ७ टक्के प्रथिनं लागतात आणि कडब्यात ती जेमतेम ३ ते ५ टक्के असतात. पोट भरलेलं दिसतं, पोषण होत नाही.

दुसरी शंका विण्याची: जास्त चारलं तर वासरू मोठं होऊन अडेल. जनावर लठ्ठ केलं तर ही भीती खरी आहे. पण उपासमारीने विणं सोपं होत नाही. वासरू थोडं हलकं झालं तरी अशक्त आईला कळा देण्याचं बळ उरत नाही, आणि व्याल्यावर ती माजावरही उशिरा येते. म्हणून बरगड्या उघड्या दिसू नयेत आणि शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळेही साचू नयेत, एवढी अंगलट राखावी.

आता खर्च. नुसती पेंड ओतणं हा उपाय नव्हेच. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गर्भवती महिलांचा अभ्यास केला. त्यात बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी नातं दिसलं ते पालेभाज्या, फळं आणि दूध यांचं. माणसाचा निष्कर्ष म्हशीला थेट लागू नाही. पण पानातल्या हिरवेपणाचं मोल जनावरालाही आहे. वाळल्या कडब्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य जवळजवळ उरत नाही. यकृतातला साठा काही महिने पुरतो, नंतर दुबळी, कधी आंधळीही वासरं जन्मतात. तेव्हा रोज थोडा हिरवा घास, मुरघास, शेवरी किंवा शेवग्याचा पाला मिळालाच पाहिजे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवावी. पाण्याच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी मात्र विषारी ठरते, तिच्या वाटेला जाऊ नये.

कडब्याची कुट्टी करून त्यावर मधल्या महिन्यांत रोज अर्धा ते एक किलो पेंड, शेवटच्या दोन महिन्यांत दीड ते दोन किलो खुराक आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण, एवढं साधारण माप. जनावराचं वजन आणि चाऱ्याचा कस पाहून ते कमीजास्त करावं. दुपारी सावली आणि भरपूर पाणी हाही खुराकाचाच भाग समजावा, कारण उष्णतेच्या ताणातही गर्भाची वाढ मंदावते. विण्याआधीचे तीन आठवडे लसूणघासाला हात आखडता ठेवावा. त्यातला जादा कॅल्शियम व्याल्यावर दुग्धज्वराला निमंत्रण देतो.