विशेष शिक्षक आणि मदतनीस : आभारापलीकडची साथ



5 सप्टेंबरला आपण शिक्षकांना गुलाब देतो. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचं भाषण होतं. पण या दोन्ही दिवशी विशेष शिक्षक बरेचदा फोटोच्या बाहेरच राहतात. मुलाला स्वच्छतागृहापर्यंत नेणाऱ्या मदतनीस ताई तर त्यांच्याही मागे.

त्यांचं काम नेमकं काय असतं? पोषण आहाराआधी हात धुणं घ्या. आपल्याला हे एकच काम वाटतं. विशेष शिक्षक त्याच्या पायऱ्या पाडतात : नळ उघडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला यातली एकेक पायरी आधी हात धरून शिकवायची, मग हळूहळू हात सोडायचा. एका पायरीला कधी कधी कित्येक आठवडे जातात. प्रगतिपत्रकात हे दिसत नाही, पण घरी आईला दिसतं!

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. ब्रेल वेगळी, सांकेतिक भाषा वेगळी, स्वमग्न मुलाची गरज आणखी वेगळी. केंद्र शासनाने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे 1 आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. तरीही अनेक ठिकाणी एकच फिरते शिक्षक कितीतरी शाळा सांभाळतात, शिवाय घरी शिकणाऱ्या मुलांकडेही जातात. मग ते येत नाहीत त्या दिवशी त्या मुलाचं काय? तिथे आपली जबाबदारी सुरू होते.

वर्गशिक्षकांनी : मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा फाईलमध्ये ठेवून देऊ नका, वाचा. विशेष शिक्षक ज्या खुणा, जी चित्रं वापरतात तीच आपणही वापरा. "तुमचा मुलगा" नको, "आपला विद्यार्थी" म्हणा.

मुख्याध्यापकांनी : विशेष शिक्षक आले की त्यांना रिकाम्या तासावर पाठवू नका. बसायला शांत जागा आणि साहित्याला एक कपाट द्या.

पालकांनी : शाळेतली पायरी घरी त्याच क्रमाने करून घ्या. झोप झाली नाही, औषध बदललं, तर सकाळीच कळवा.

मदतनीस ताईंसाठी : त्यांना नावाने हाक मारा, पालकसभेत बसवा. मूल कधी घाबरतं, त्याला कधी लघवीला जायचं असतं, हे बरेचदा त्यांनाच आधी कळतं. त्यांचं मानधन वेळेवर निघावं म्हणून पाठपुरावा करा.

विशेष शिक्षकांची बदली झाली किंवा करार संपला, तर मुलाचं शिकणं तिथेच थांबता कामा नये. म्हणून पुढच्या भेटीत त्यांना फक्त "धन्यवाद" म्हणून थांबू नका. "सर, मॅडम, पुढची पायरी मला दाखवता का?" एवढं विचारा. त्यांना यापेक्षा मोठा सत्कार नको असतो.