कर्मचाऱ्यांचे समाधान आणि रुग्णसेवेचे सातत्य

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात तपासलेल्या रुग्णांची संख्या असते, शस्त्रक्रियांची संख्या असते, देणगीदारांची नामावली असते. एक आकडा मात्र सहसा छापला जात नाही : वर्षभरात किती सहकारी नोकरी सोडून गेले, आणि त्यांपैकी किती जण रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत गेले. रुग्णसेवेच्या दृष्टीने हा आकडा खाटांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. रात्री तीन वाजता खाटेजवळ कोण उभे आहे, तिला रुग्णाची प्रकृती किती ठाऊक आहे, यावर पुष्कळदा त्या रुग्णाचे भवितव्य ठरते. म्हणून या लेखात प्रामुख्याने परिचारिकांचा विचार केला आहे. तथापि यातील बहुतेक मुद्दे तंत्रज्ञ, आया, वॉर्डबॉय व कार्यालयीन सेवक यांनाही लागू पडतात.

असमाधान व समाधान

‘पगार कमी म्हणून माणसे जातात’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोकरीत मन केव्हा प्रसन्न झाले व केव्हा खिन्न झाले, असे त्यांनी विचारले होते. खिन्नतेच्या आठवणींत कार्यालयीन धोरणे, वरिष्ठांची वागणूक, वेतन व कामाची परिस्थिती ही कारणे आली. प्रसन्नतेच्या आठवणींत मात्र कार्यसिद्धी, कामाची दखल, जबाबदारी व प्रगतीची संधी यांचा उल्लेख अधिक होता. पहिल्या गटाला हर्झबर्ग यांनी आरोग्यशास्त्रातील स्वच्छतेची उपमा दिली. स्वच्छता रोग टाळते. केवळ तिच्यामुळे अंगात बळ येत नाही. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो व अपयशाचा दोष परिस्थितीला देतो, असा आक्षेप या सिद्धांतावर पुढे घेतला गेला. तरीही व्यवस्थापनाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात, हा त्यातील बोध आजही उपयुक्त आहे.

यावरून वेतनाचा प्रश्न गौण ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे. १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात ते १० टक्क्यांहून अधिक व ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे. त्याहून लहान रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांच्या खाली नसावे, असे समितीने सुचविले. धर्मादाय संस्थेनेही आपली वेतनश्रेणी या मापाशी ताडून पाहणे योग्य ठरेल. सेवाभाव ही संस्थेची प्रेरणा असावी, पण त्याची किंमत एकट्या कर्मचाऱ्याने का मोजावी?

एक गेली की दुसरी जाते

लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष मांडले. एका परिचारिकेकडे सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याचबरोबर परिचारिकेला कामाचा अतिशीण येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी व नोकरीविषयी असमाधान वाटण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. याचा अर्थ स्पष्ट आहे. एक परिचारिका गेली की तिचे रुग्ण उरलेल्यांच्या वाट्याला येतात. सलग दुहेरी पाळ्या होतात, रजा नाकारल्या जातात, आणि काही दिवसांनी दुसरा राजीनामा येतो. नवी मुलगी रुजू होऊन विभागाचे काम आत्मसात करीपर्यंत अनुभवी सिस्टरवरच भार पडतो. या साखळीच्या शेवटी रुग्ण असतो.

ही साखळी तोडता येते, याचाही दाखला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांचा तीव्र तुटवडा असतानाही काही रुग्णालयांत त्या टिकून होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास करून १९८३ साली अहवाल प्रसिद्ध केला. लोहचुंबकाप्रमाणे माणसे धरून ठेवणारी म्हणून ती ‘मॅग्नेट’ रुग्णालये म्हटली गेली. पुरेशी कर्मचारीसंख्या, सोयीच्या पाळ्या, वॉर्डात प्रत्यक्ष दिसणारी अधिसेविका, निर्णयात सहभाग आणि पुढील शिक्षणाची संधी ही त्यांची समान वैशिष्ट्ये होती.

आपल्याला काय करता येईल?

१. पाळ्यांचा तक्ता किमान पंधरा दिवस आधी लावावा व तो अपवादानेच बदलावा. रात्रपाळीनंतरची विश्रांती मोडू नये. घर, सासर व मुलांची शाळा सांभाळणाऱ्या स्त्रीला निश्चितता ही पगारवाढीइतकीच मोलाची वाटते.

२. परिचारिकेचे हात रुग्णासाठी मोकळे ठेवावेत. भांडारातून सामान आणणे, तपासणी अहवालांचा पाठपुरावा करणे, बिलाबाबत नातेवाइकांशी हुज्जत घालणे ही कामे इतरांकडे द्यावीत.

३. नव्याने आलेल्या प्रत्येकीला पहिले सहा महिने एका ज्येष्ठ सिस्टरशी जोडून द्यावे. चूक झाल्यास ती रुग्णासमोर वा नातेवाइकांसमोर न रागावता बाजूला घेऊन समजावावी.

४. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगसाठी रजा व शक्य तेवढे साहाय्य द्यावे. शिकून ती निघून जाईल ही भीती वाटते. पण जेथे पुढे वाट नाही, तेथून माणसे अधिक लवकर निघतात.

५. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली व ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. पाळणाघर रात्रपाळीलाही उपयोगी पडेल, अशी योजना करावी.

६. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. असा प्रसंग घडल्यास तक्रार संस्थेने स्वतः नोंदवावी. कर्मचाऱ्याला एकटे सोडू नये.

७. राजीनाम्यानंतर कारण विचारण्याऐवजी वर्षातून दोनदा प्रत्येकाशी निवांत बोलावे : येथे काय आवडते, काय खुपते, कशामुळे सोडावेसे वाटेल? आणि त्यांपैकी एका तरी गोष्टीवर महिन्याभरात कृती करावी. विचारून काहीच न करणे हे न विचारण्याहून वाईट.

उपसंहार

मूळ प्रमाणपत्रे अडकवून वा बंधपत्रावर सही घेऊन माणूस थांबविता येतो, मन थांबविता येत नाही. दर वर्षी १२ मे रोजी आपण परिचारिका दिन साजरा करतो, गुलाबपुष्पे देतो, भाषणे होतात. ते उचितच आहे. परंतु १३ मे रोजी वॉर्डात एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, हा आदराचा खरा मापदंड होय. विश्वस्त मंडळाने पुढील अहवालापासून सोडून गेलेल्या सहकाऱ्यांची संख्या व त्यांनी सांगितलेली कारणे छापावीत, अशी नम्र सूचना आहे. रोगाची नोंद ठेवल्याशिवाय उपचार होत नाहीत, हे रुग्णालयाला वेगळे सांगावयास नको.