शेतातले नवे वर्ष

१ जानेवारीला भिंतीवरचे कॅलेंडर बदलते. पण दोन-चार एकर जिराईतवाल्याचे वर्ष एका रात्रीत कसे बदलणार?

लातूर, धाराशिव, सोलापूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, सारे घर शेतात जाते. कडब्याची कोप करून पांडव मांडतात, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य दाखवतात. २०२४ साली हा सण ३० डिसेंबरला आला. मध्ये एक दिवस गेला, की इंग्रजी नवे साल! त्या वेळी शाळू कुठे पोटरीत, कुठे हुरड्यात असतो. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच तो पोसतो. ओल पुरली तर दाणा भरतो, नाहीतर नुसता कडबा हाती येतो.

तरीही आम्ही शेतकरी क्रम कोणता धरतो, तो पाहा. आधी वेळ अमावास्येला काळ्या आईची पूजा, मग संक्रांतीला तीळगुळाची देवघेव, आणि रास झाल्यावर चैत्री पाडव्याला नव्या शकाची गुढी. मोजणी सर्वांत शेवटी! आधी मोजू, मग वाटू, असे जो म्हणतो, त्याचे वाटायचे राहूनच जाते. म्हणून हुरड्याची पहिली मूठ शेजारच्या पोराच्या हातावर ठेवावी. नवे वर्ष तिथूनच चालू लागते. सावकाश, पण खरे.