स्वस्त धान्य आणि दुकानाची निवड

वाणसामानाच्या खर्चात बचत करावयाची म्हणजे कमी भावाचे दुकान शोधावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु माल पुऱ्या वजनाचा, वेळेवर आणि हेलपाटे न घालता मिळाला, तरच कमी भावाचा लाभ पदरात पडतो. रायपूरमधील रेशन व्यवस्थेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

छत्तीसगड सरकारने २००७ मध्ये गरीब कुटुंबांना दरमहा ३५ किलो तांदूळ ३ रुपये किलोने देण्यास प्रारंभ केला. महिन्याचा खर्च १०५ रुपये. आता समजा, दुकानदाराने १०५ रुपये घेऊन ३० किलोच तांदूळ मापला आणि बाजारभाव किलोला १५ रुपये आहे. उरलेल्या ५ किलोंसाठी गृहिणीला ७५ रुपये मोजावे लागतील. म्हणजे एकूण खर्च १८० रुपये होईल. दुकान बंद असल्यामुळे दुसरी खेप करावी लागली, तर एका दिवसाची मजुरीही बुडेल. मापातील लहानशी तूट बचतीचा मोठा भाग गिळून टाकते, तो असा.

ही तूट थांबविण्यासाठी राज्याने प्रथम दुकानांची व्यवस्था बदलली. २००४ च्या आदेशाने खासगी परवानेदारांकडील दुकाने ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचतगट यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढे विक्रेत्यांचे कमिशन वाढविण्यात आले आणि पिवळ्या रंगाच्या मालमोटारींतून धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचविले जाऊ लागले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा यांच्या अंदाजानुसार, २००४-०५ मध्ये राज्यातील रेशनचे सुमारे निम्मे धान्य ग्राहकांपर्यंत पोहोचत नव्हते. २०११-१२ पर्यंत ही गळती सुमारे एकदशांशावर आली.

तरीही एक अडचण शिल्लक होती. प्रत्येक शिधापत्रिका एकाच दुकानाशी बांधलेली असे. वाणी नीट मापत नसेल तर रोखीचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. रेशनच्या गिऱ्हाइकाला ती मुभा नव्हती. २०१२ मध्ये रायपूर शहरात ती देण्यात आली. दुकानांत यंत्रे बसवून ती मध्यवर्ती संगणकाशी जोडण्यात आली. कुटुंबाने कोणत्याही दुकानातून धान्य घेतले, तरी त्याची नोंद तत्काळ होऊ लागली. ‘मेरी मर्जी’ हे या योजनेचे लोकांतील नावच तिचा आशय सांगते. ज्या दुकानात विक्री अधिक, त्याचे कमिशन अधिक. त्यामुळे वेळेवर दुकान उघडण्यात आणि पुरे माप देण्यात विक्रेत्याचेही हित निर्माण झाले.

अर्थात, निवडीचा हा अधिकार सर्वत्र सारखाच उपयोगी पडत नाही. शहरात दुसरे दुकान चालण्याच्या अंतरावर असते. दूरच्या खेड्यात एकच दुकान असेल, तर निवड नाममात्र राहते. यंत्राचा संपर्क तुटला, तरीही ग्राहकाला थांबावे लागते. अशा ठिकाणी दरफलक वाचणे, काट्यावर लक्ष ठेवणे आणि पावती तपासणे, हाच ग्राहकाचा आधार होय.

१ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य विनामूल्य देण्यात येऊ लागले. भाव शून्यावर आल्यावर तर मापाचे महत्त्व अधिकच वाढते. कारण जे ५ किलो पिशवीत पडत नाहीत, ते बाजारातून पुऱ्या किमतीलाच आणावे लागतात.